डबा, पाणी आणि वेचणीचे दिवस : खेड्यातल्या खेळाडूची तयारी

सकाळी साडेपाचला शाळेमागच्या मैदानावर पोरी जमल्या की मी शिट्टी नंतर वाजवते, आधी वही उघडते. काल रात्री काय जेवलीस? किती वाजता झोपलीस? काल वावरात गेली होतीस का? आज अंगात कसं वाटतंय? चार प्रश्न, चार रकाने. वीस जणींना मिळून सात-आठ मिनिटं लागतात आणि कोणाकडून आज किती काम घ्यायचं, ते तेवढ्यातच ठरतं.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी सोळा वर्षांपासून खेळ शिकवते. कबड्डीच्या मुली आहेत आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी आहेत. बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, मी अमरावतीला केली, 1914 सालापासून चालत आलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. तिथं शिकलेलं अजून रोज कामी येतं. एक गोष्ट मात्र गावात आल्यावर कळली. आपल्याकडचा खेळाडू मैदानावर येतो तेव्हा ताजा नसतो. आदल्या दिवशी तो कापूस वेचून, सोयाबीन सोंगून, नाहीतर निंदण करून आलेला असतो, आणि बरेचदा अर्धपोटी असतो. हे माहीत नसताना आखलेला सराव त्याला घडवत नाही, मोडतो. हे पुढचं सगळं खेळाडूंसाठी आहेच, पण त्याहून जास्त माझ्यासारख्या गावोगावच्या प्रशिक्षकांसाठी आहे.

वावरातलं काम वहीत मांडा

सराव संपल्यावर अर्ध्या तासानं खेळाडूला विचारायचं, आजचं काम दहापैकी किती जड गेलं? तो आकडा सरावाच्या मिनिटांनी गुणायचा. 60 मिनिटांचा सराव, जडपणा 6, म्हणजे 360. ही पद्धत जगभरातले प्रशिक्षक वापरतात, यंत्र लागत नाही. मी तिच्यात वावर घातलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारचं सांगते. माझी एक चढाईपटू आईसोबत सहा तास वेचणीला गेली. जडपणा किती, तर ती म्हणाली, तीन. 360 मिनिटं गुणिले 3, म्हणजे 1080. माझ्या सरावाच्या तिप्पट! वेचणी आणि धावणं सारखं नाही, हे मलाही कळतं. वेचताना दम लागत नाही. पण कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलं की कंबर आणि मांडीची मागची बाजू आखडते, वर ऊन लागतं ते वेगळंच. अशा पोरीला सोमवारी सकाळी पूर्ण जोरात पळायला लावलं की मांडीचा मागचा स्नायू धरतो. दोन हंगाम मला हे समजत नव्हतं. दरवर्षी नोव्हेंबरातच पोरी का लंगडतात, याचं उत्तर मी बुटांमध्ये आणि मैदानाच्या खड्ड्यांमध्ये शोधत होते.

आता सोंगणी सुरू झाली की माझं वेळापत्रक बदलतं आणि वेचणी ओसरेपर्यंत तसंच राहतं. आठवड्यातून तीनच दिवस सराव, तोही 30-35 मिनिटांचा. फेऱ्या कमी करते, वेग कमी करत नाही. आठवड्यातून एकदा जरी नीट जड काम झालं, तरी कमावलेली ताकद काही आठवडे टिकते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ज्या दिवशी वेचणी झाली त्या संध्याकाळी घरीच दहा मिनिटं : पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीशी, मग पालथं झोपून कोपरांवर छाती उचलून धरायची, मग उकिडवं बसून टाचा जमिनीला टेकवायच्या. जानेवारीत काम वाढवताना आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ धरते. हा अंदाजाचा आकडा आहे. पोरगी थकलेली दिसली तर पाच टक्केही चालतात.

फवारणीचं वेगळं सांगते, कारण ते जिवावरचं आहे. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते दिवस इथं कोणी विसरलेलं नाही. अठराच्या आतल्या पोरानं पंपाला हात लावायचाच नाही. भरतीच्या मोठ्या पोरांनी फवारणी केली असेल तर दुसऱ्या दिवशी मी त्यांना मैदानावर घेत नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, डोळ्यांपुढं धुरकट दिसतंय असं कोणी म्हटलं तर त्याला ऊन लागलं असेल म्हणून बसवून ठेवू नका. औषधाच्या डब्यासकट दवाखान्यात न्या.

पळवण्याआधी रक्त तपासा

हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, म्हणजे आईबापाकडून येणारा, रक्तातल्या लाल पेशींचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट ही नावं सगळ्यांना माहीत असतात, पण आमच्या जिल्ह्यातही आहे. ज्याला आजार आहे त्याचं बहुतेक वेळा लहानपणीच कळतं, कारण दुखणं सारखं असतं. पण जो फक्त वाहक असतो, म्हणजे ज्याला तो दोष आई किंवा बाप एकाकडूनच आलेला असतो, त्याला एरवी काहीच होत नाही. तो चांगला खेळतो, चांगला पळतो. त्याला स्वतःलाही माहीत नसतं.

काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात भरतीचा एक पोरगा नव्यानं आला होता. अंगानं दणकट, वावरात राबलेला. पहिल्याच दिवशी मी त्याला जुन्या पोरांसोबत 400 मीटरच्या फेऱ्यांना लावलं. पाऊस आला नव्हता, सकाळीच उकडत होतं. तिसऱ्या फेरीत तो मैदानाच्या कडेला आला आणि हळूच खाली बसला. मी जवळ गेले तर शुद्धीत होता, बोलत होता. म्हणाला, "मॅडम, पायातली ताकदच गेली जी. उठताच येत नाई." मला वाटलं गोळे आले. पोटरी दाबून पाहिली तर गोळा नव्हता. पोटरी मऊ होती आणि तरी तो दुखण्यानं कळवळत होता. वाहकाला पळताना सिकलसेलचा त्रास झाला की तीच खूण असते. गोळा आला की स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि खेळाडू ओरडतो. इथं स्नायू मऊ राहतो, पाय निकामी होतात आणि खेळाडू शांतपणे खाली बसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथल्या सिस्टरनी पहिला प्रश्न विचारला, "याची सिकलसेल तपासणी झालीय का?" झाली नव्हती. पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवलं, सलाइन लागली, तो बरा झाला. तपासणीत वाहक निघाला. जिवावर बेतू शकलं असतं, आणि ती चूक माझी होती. पहिल्या दिवशी कोणालाही, कितीही दणकट असला तरी, घड्याळ लावून पळवायचं नसतं.

तेव्हापासून नवा खेळाडू आला की आधी आरोग्य केंद्रात तपासणी. सोल्युबिलिटीची साधी चाचणी होते, तिच्यात काही आढळलं तर इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पुढची तपासणी करून वाहक की रुग्ण ते ठरतं. 2023 पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते, खर्चाचा प्रश्न येत नाही. वाहक निघाला म्हणून पोराचा खेळ बंद करायचा नाही, हे घरच्यांना मुद्दाम समजावून सांगा, नाहीतर पोरीला लगेच घरी बसवतात आणि लग्नाची काळजी सुरू होते. वाहकानं खेळावं. त्याला सुरुवातीचे आठवडे आपल्या चालीनं पळू द्या, दोन फेऱ्यांमध्ये जास्त विश्रांती द्या, पाणी कमी पडू देऊ नका, ताप असेल त्या दिवशी सुट्टी द्या. "पाय जड झाले" असं तो म्हणाला की तिथंच थांबवा. त्याला कोणी कामचुकार म्हणता कामा नये. आणि प्रत्यक्ष आजार असलेल्यानं काय आणि किती करावं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

त्याच फेरीत हिमोग्लोबिन पाहून घ्या. पोरींचं 12 च्या खाली असेल तर ते कमी आहे. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये नऊ-साडेनऊवाल्या पोरी दरवर्षी असतात आणि त्यांना घरी आळशी म्हणत असतात. रक्तच कमी असेल तर 800 मीटरचा शेवटचा फेरा जाणार कसा? शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोरी खिशात घालून बाहेर फेकतात, कारण पोटात मळमळतं. जेवणानंतर घेतली की तो त्रास कमी होतो. माझ्यासमोर घ्यायला लावते. 12 च्या खूप खाली असेल तर या गोळीवर भागत नाही, डॉक्टर वेगळं औषध देतात. आणि जेवणासोबत चाय नको. चहानं अन्नातलं लोह कमी अंगी लागतं, तासभर तरी अंतर ठेवा. त्याउलट लिंबू, आवळा, संत्रं असं आंबट काही जेवणासोबत असलं की डाळी-भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. वरणावर लिंबू पिळायला पैसे लागत नाहीत, बहुतेक घरांच्या मागं झाड असतं.

ताटात काय पाहिजे

पोरींच्या आयांशी मी या विषयावर जितकी बोलले असेन तितकी दुसऱ्या कशावर बोलले नसेन. "मॅडम, पोरगी खाते ना जी, दोन भाकरी खाते." भाकर खाते हे चांगलंच आहे. ज्वारी आपलं खरं धान्य आहे, पळायला लागणारी ऊर्जा तिच्यातूनच येते. कमी पडतं ते प्रथिन.

हिशोब असा करा. साध्या माणसाला वजनाच्या किलोमागं 0.83 ग्रॅम प्रथिन पुरतं असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. जोरात सराव करणाऱ्याला किलोमागं साधारण 1.4 ते 1.6 ग्रॅम लागतं. म्हणजे 50 किलोच्या पोरीला दिवसाला 70 ते 80 ग्रॅम. आता घरातल्या जिनसांतून ते काढू. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात 10 ग्रॅम, दिवसभरात चार भाकरी झाल्या तर 24 ग्रॅमच्या आसपास. वरणासाठी तिच्या वाट्याची तूरडाळ 50 ग्रॅम, 11 ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, 7. एक पेला दूध, 8. इथवर 50 झाले. दोन अंडी खाल्ली की 12 आणखी. उरलेले कुठून आणायचे?

उत्तर आपल्या वावरात उभं आहे. आपण एकरांनी सोयाबीन पेरतो, पोत्यांनी विकतो आणि घरात खाण्यापुरतं किलोभरही ठेवत नाही. सोयाबीनच्या 100 ग्रॅममध्ये 36 ग्रॅमच्या वर प्रथिन असतं, तुरीच्या दीडपटीहून जास्त. त्याच पोरीला तालुक्याच्या दुकानातून डबाबंद पावडर घ्यायला सांगणारे प्रशिक्षक मी पाहिलेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

सोयाबीन कच्चं किंवा नुसतं दळून खायचं नाही. कच्च्या दाण्यात प्रथिन पचू न देणारे घटक असतात, पोट बिघडतं. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा : पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याच्या थैलीतलं कधीही घेऊ नका, त्याला औषध लावलेलं असतं. घरच्या मळणीतलं घ्या. निवडून, धुवून रात्रभर भिजवा. सकाळी ते पाणी फेकून द्या, कुकरमध्ये नवं पाणी घालून शिजवा, माझ्या कुकरला पाच शिट्ट्या लागतात. दाणा बोटानं सहज दबला पाहिजे. साल वर येते ती काढता आली तर काढा, नाही काढली तरी चालतं. मग दोन दिवस कडक उन्हात वाळवा, आत ओल राहिली तर पीठ कडवट होतं. वाळल्यावर मंद आचेवर खमंग भाजून दळा. ज्वारीच्या नऊ वाट्या पिठात हे एक वाटी मिसळलं तर भाकर थापताना फुटत नाही आणि चवही फारशी बदलत नाही. दोन वाट्या घातल्या की पोरं नाकं मुरडतात, अनुभव आहे.

उरलेल्याचे लाडू. सोयाबीनचं हे पीठ 200 ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट 200 ग्रॅम, भाजलेले तीळ 100 ग्रॅम, गूळ 250 ग्रॅम, हात ओला करायला दोन चमचे तूप. पंचवीस लाडू होतात, एका लाडवात साडेपाच ग्रॅमच्या जवळ प्रथिन. सराव सुटल्यावर माझ्या पोरी घरी जायला निघतात तेव्हा त्यांच्या हातात हा लाडू असतो. आळीपाळीनं एकेक आई करून पाठवते.

ज्यांना एवढं करणं होत नाही त्यांनी किराणा दुकानातल्या सोयाबीनच्या वड्या आणा. कोरड्या 30 ग्रॅम वड्यांत 15 ग्रॅम प्रथिन असतं. वांग्या-आलूच्या भाजीत घातल्या तरी कळत नाहीत. शाकाहारी घरासाठी हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

बाकी आपल्या ताटात चांगलं खूप आहे, ते कमी करू नका. भाकरीसोबत वरण, झुणका, बरबटी (चवळी), हरभरा हे खाल्लंच पाहिजे, कारण ज्वारीत प्रथिनाचा जो एक भाग तोकडा असतो तो डाळीतून भरून निघतो. जवसाची चटणी रोज. अंबाडी, चवळाई, मेथी मिळेल तशी. थंडीत तुरीच्या ओल्या शेंगा आणि हरभऱ्याचा सोला असतो, तेव्हा तर मी पोरींना सांगते, पोट भरून खा.

केव्हा खायचं हे थोडक्यात. पहाटे रिकाम्या पोटी येऊ नये. अर्धं केळ, नाहीतर गुळाचा खडा आणि चार शेंगदाणे, एवढंही पुरतं. सरावानंतर तासाभरात लाडू किंवा दूध, मग घरी गेल्यावर नीट जेवण. रात्रीचं जेवण आठच्या आत. नुसतं चाय-टोस्ट खाऊन शाळेत गेलेली पोरगी संध्याकाळच्या सरावाला टिकत नाही, तिच्या आईनं कितीही म्हटलं तरी.

ऊन आणि पाणी

आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. भरतीची पोरं मात्र त्याच महिन्यात सगळ्यात जास्त पळतात. मे महिन्यात सराव सकाळी साडेपाच ते सात. संध्याकाळचा सराव बंद, कारण जमीन रात्री आठपर्यंत वाफा सोडत असते. पुण्या-मुंबईला राहून सुट्टीत परत आलेल्या पोरांना पहिले 10 ते 14 दिवस अर्धंच काम द्यायचं. अंगाला उन्हाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात.

पाणी किती प्यायचं, याला वजनकाटा हे उत्तर आहे. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून साधा काटा घेतला. सरावाआधी वजन, सरावानंतर घाम पुसून वजन. 52 किलोची पोरगी 51.1 वर आली तर 900 मिलिलिटर पाणी गेलं. पुढच्या तीन-चार तासांत त्याच्या दीडपट, म्हणजे सव्वा ते दीड लिटर, थोडं-थोडं करून प्यायचं. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट झाली की पाय चालत नाहीत आणि डोकंही चालत नाही. काटा नसेल तर लघवीचा रंग बघा, लिंबाच्या सरबतासारखी फिकट हवी. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. मैदानावर लघवीला जायला आडोसा नाही, म्हणून पोरी मुद्दाम पाणी पीत नाहीत. प्रशिक्षकांनो, आधी आडोशाची सोय करा, मग पाण्यावर भाषण द्या.

तासाभराच्या सरावाला साधं पाणी पुरतं. दिवसभर स्पर्धा असेल किंवा फार घाम गेला असेल तर मीठ-साखरेचं पाणी : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा सपाट, हे महत्त्वाचं. अंदाजानं मूठभर मीठ टाकलेलं पाणी त्रास देतं. ताकात चिमूटभर मीठ आणि जिरं घातलं तर उत्तमच. आणि नुसतं पाणी घटाघटा चार-चार लिटर पिणंही बरं नाही, रक्तातलं मीठ उतरतं.

उन्हात पळताना कोणी असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर तो उष्माघात समजा. वाट बघू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, सगळं अंग पाण्यानं भिजवा, दुपट्ट्यानं वारा घाला. जवळ हौद असेल आणि माणूस धरायला दोघं असतील तर मानेपर्यंत पाण्यात बसवा. तोवर दुसऱ्यानं 108 ला फोन लावायचा. गाडी येईपर्यंत गार करणं चालूच ठेवायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही.

वजन उतरवायचा खेळ बंद करा

गावोगावच्या कबड्डी स्पर्धा वजनी गटात होतात. वजन बसलं नाही की पोरं-पोरी दोन दिवस उपाशी राहतात, दोन-दोन स्वेटर घालून पळतात, पाणी तोडतात. माझी एक बचावपटू 55 च्या गटात बसायला तीन किलो जास्त होती. मी म्हटलं, वरच्या गटात खेळ. तिनं मला न सांगता चोरून उपास केला. वजन बसलं. दुसऱ्या सामन्यात मधली साखळी धरताना तिच्या हातातली पकडच सुटली आणि ती डोकं धरून खाली बसली. तिला ताक पाजून मी बाहेर बसवलं. आम्ही तो सामना हरलो, पण मला दुःख त्याचं नव्हतं. वाढीच्या वयातली पोरगी माझ्या संघात खेळण्यासाठी उपाशी राहिली आणि मला कळलंसुद्धा नाही!

आता माझा नियम आहे. हंगाम सुरू होताना जे वजन असेल त्याच्या वरचा गट. कोणाला खरंच कमी करायचं असेल तर दोन-तीन महिने आधी, आठवड्याला अर्धा किलोहून जास्त नाही, तेही तळणाचं आणि साखरेचं कमी करून. डाळ-अंडी-दूध तेवढंच ठेवायचं.

पोरींच्या बाबतीत आणखी एक रकाना माझ्या वहीत आहे, पाळीचा. तीन महिने पाळी आली नाही तर ते खेळाडू असल्याचं लक्षण नाही. अंगाला पुरेसं अन्न मिळत नाही, हे त्याचं नेहमीचं कारण असतं, आणि त्यातून पुढं हाडं कमजोर होतात. पुरुष प्रशिक्षकांना हे विचारायला अवघड जातं, त्यांनी गावातल्या आशाताईंची मदत घ्यावी. त्या आनंदानं करतात.

ताकद : पोतं, दगड आणि जोडीदार

जिम नाही म्हणून अडत नाही. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात रेती भरून तोंड शिवून घ्या. 10 किलोचं एक, 15 चं एक, 20 चं एक. पोतं छातीशी कवटाळून बैठका, खांद्यावर घेऊन पायरी चढणं, जमिनीवरून छातीपर्यंत उचलणं. आठ-आठचे तीन फेरे, आठवड्यातून दोनदा. शेवटची दोन जड गेली पाहिजेत. सहज बारा झाल्या की पुढचं पोतं. यासोबत जोर आणि दोर.

मांडीच्या मागच्या स्नायूसाठी एक व्यायाम मी कधीच चुकवत नाही. गुडघ्यांखाली दुपटा घालून गुडघ्यावर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे घट्ट दाबून धरायचे. कंबर न वाकवता, अंग एका फळीसारखं ठेवून, जितकं हळू जमेल तितकं पुढं झुकत जायचं. धरवेनासं झालं की हात टेकायचे. पहिल्या आठवड्यात चारच, दोन फेरे. पुढचे दोन दिवस मांड्या ठणकतात, ते आधीच सांगून ठेवा. तीन महिन्यांत दहापर्यंत न्या. हा व्यायाम नेटानं करणाऱ्या संघांमध्ये हा स्नायू फाटण्याचं प्रमाण खूप घटलेलं आहे, आणि माझ्या वहीतलं नोव्हेंबरचं लंगडणंही त्यानंच कमी झालं.

पोरींना उडी मारून खाली येणं शिकवावं लागतं. विटेवरून खाली उडी, दोन्ही पायांवर, आवाज न करता. गुडघे आत वळले की मी पुन्हा करायला लावते. गुडघा आत वळून आपटला की आतला दोर, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट, तुटतो आणि मग वर्ष जातं.

भरतीवाल्यांना एवढंच सांगेन : पोरांनी 1600 आणि पोरींनी 800 मीटर रोजच्या रोज पूर्ण जोरात पळू नये. आठवड्यातून दोनदा तुकडे करून जोरात, दोनदा गप्पा मारता येतील इतक्या हळू, दोनदा ताकद, एक दिवस सुट्टी. गोळाफेक शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. पोरांचा गोळा 7.260 किलोचा आणि पोरींचा 4 किलोचा, त्याला पाय आणि कंबर लागते, नुसता हात नाही. पळण्याआधी दुखीची गोळी किंवा इंजेक्शन घेणारी पोरं मी पाहिली आहेत. उन्हात, पाणी कमी असताना त्या गोळ्या किडनीवर जातात. आणि लेबल नसलेली कुठलीही पावडर, कोणीही दिली तरी, घ्यायची नाही.

झोपेवर लिहायला जास्त नाही, करायला जास्त आहे. वाढीच्या वयात आठ तासांहून जास्त झोप पाहिजे. पहाटे पाचला उठायचं तर रात्री नऊला मोबाइल आईच्या उशाखाली.

सामन्याचा दिवस

सामन्याआधी तीन तास जेवण. वरण-भात, पोळी, साधी आलूची भाजी. स्पर्धेच्या ठिकाणी सकाळी तर्री-पोह्याचा गाडा लागलेला असतो आणि सगळा संघ तिकडे धावतो. मलाही आवडतात, पण तेलाची झणझणीत तर्री पोटात घेऊन चढाई करणारी पोरगी मध्यंतरात ओकते. पोहे खा, तर्री सामना संपल्यावर. दोन सामन्यांच्या मधे केळ, फुटाणे-गूळ, मीठ-साखरेचं पाणी. त्या दिवशी नवीन काहीच खायचं नाही.

परतताना काळीपिवळीत पोरी झोपून जातात. त्याआधी डबा उघडायला लावा. मी गाडीत बसतानाच प्रत्येकीच्या हातात लाडू देते आणि मोजते. मग घरोघरी फोन करते. परवा एका आईला सांगितलं, "ताई, उद्या तिला वेचणीले नेऊ नका. उद्या तिची सुट्टी आहे, वावरातपण." त्या क्षणभर गप्प झाल्या, मजूर मिळत नाही हे मलाही माहीत होतं. मग म्हणाल्या, "बरं जी मॅडम. उद्या मीच जातो."